अध्यापकाचा अधिकार

नागपुरातून वर्धा मार्गाने दक्षिणेस निघाल्यावर, विमानतळाची हद्द मागे पडते न पडते तोच मिहान नावाचा जो विस्तीर्ण प्रदेश लागतो, तो हे नाव जन्मास येण्यापूर्वी मुलकी दप्तरात मौजे खापरी, मौजे दहेगाव, मौजे तेल्हारा अशा निरनिराळ्या गावांच्या सदरांखाली नोंदलेला होता. मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र व त्यास जोडून कारखाने उभारण्याच्या हेतूने ही शेतजमीन संपादित झाली, मोबदल्याचे तंटे वर्षानुवर्षे कचेऱ्यांतून चालले, आणि ज्या भूमीवर प्रामुख्याने माल उतरावयाचा व चढावयाचा होता, तिच्यावर कालांतराने दोन मोठी विद्यास्थाने येऊन वसली. 2015 साली स्थापन झालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या येथील परिसराचे उद्घाटन 8 मे 2022 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते झाले. 2018 मध्ये वैद्यकाचे पहिले विद्यार्थी घेतलेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे लोकार्पण 2022 च्याच 11 डिसेंबरला पंतप्रधानांनी केले. व्यापारासाठी घेतलेल्या जमिनीवर विद्या नांदू लागली, याचा ज्यास आनंद व्हावयाचा त्यास होवो. मला मात्र त्या विद्येच्या दारावरील एका साध्या कागदाने विचारात पाडले आहे.

हा कागद म्हणजे अध्यापकांच्या परिचयाची यादी. आजकाल कोणतीही उच्च शिक्षणसंस्था आपल्या अध्यापकांचा परिचय एका ठरीव पद्धतीने करून देते. नावाखाली प्रथम शिक्षणाचे सदर येते, त्यात कोणत्या विद्यापीठाची कोणती पदवी कोणत्या साली मिळाली याची नोंद असते. आणि त्याखाली, बहुधा बारीक अक्षरांत, अभ्यासविषयांचे किंवा आवडीच्या क्षेत्रांचे सदर येते. एखाद्या वैद्याच्या नावापुढे मूत्रपिंडाचा एखादा चिवट विकार असतो, एखाद्या अर्थशास्त्रज्ञाच्या नावापुढे भावाच्या चढउतारात माणसे घाबरून निर्णय कसे घेतात हा प्रश्न असतो. वाचणारा पालक किंवा विद्यार्थी पहिल्या सदरावर बोट ठेवून वाचतो व दुसऱ्यावरून नजर फिरवून पुढे जातो, कारण पहिले सदर त्याला पुराव्यासारखे वाटते आणि दुसरे शोभेसारखे. माझे मत याच्या उलट आहे. शिकविण्याचा अधिकार मनुष्यास कशाने प्राप्त होतो, हा आपल्याकडे धर्मचिंतनाचा फार जुना प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधू गेल्यास ते त्या दुसऱ्या सदरातच सापडण्याचा संभव अधिक, असे मला वाटते.

अशा परिचयपत्राचा माझ्या माहितीतील अतिप्राचीन नमुना छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात आहे. नारद सनत्कुमारांकडे जातो आणि मला शिकवा म्हणून विनवितो. तेव्हा सनत्कुमार त्याला आजच्या कोणत्याही निवडसमितीने विचारावा तोच प्रश्न विचारतात, की तुला काय येते ते आधी सांग, त्याच्या पुढचे मी सांगेन. नारदाने दिलेली यादी दीर्घ आहे. चार वेद, इतिहासपुराण, व्याकरण, श्राद्धकल्प, गणित, उत्पातांचे ज्ञान, निधिशास्त्र, तर्क, नीती, देवविद्या, ब्रह्मविद्या, भूतविद्या, क्षत्रविद्या, नक्षत्रविद्या, सर्पविद्या, आणि शेवटी नृत्यगीतादी देवजनविद्या. एवढ्या विद्या एका माणसाच्या नावावर पाहून आजची कोणतीही संस्था त्यास एका विभागात बसवावे की पाच विभागांचे प्रमुख करावे या विवंचनेत पडेल! परंतु यादी संपताच नारद जे बोलतो, ते कोणत्याही परिचयपत्रात आजवर छापले गेले नसेल. मला मंत्र माहीत आहेत, आत्मा माहीत नाही. आत्मा जाणणारा शोक तरून जातो असे मी आपल्यासारख्यांकडून ऐकले आहे, आणि मी तर शोक करतो आहे, अशा आशयाची त्याची कबुली आहे. सनत्कुमारांचे पहिले उत्तरही तितकेच निष्ठुर आहे: तू जे जे शिकलास ते सारे केवळ नाम आहे.

या प्रसंगाचा अर्थ लौकिक विद्या तुच्छ आहेत असा पुष्कळ कीर्तनकारांनी लावला आहे, व तो मला मान्य नाही. सनत्कुमार नामाची उपासना करू नको असे म्हणत नाहीत. नामाची जेवढी गती तेवढी त्याच्या उपासकालाही मिळते, असे ते स्पष्ट सांगतात, आणि त्या पायरीवरूनच नारदाला वाणीकडे, वाणीकडून मनाकडे, असे चढवीत भूमापर्यंत, म्हणजे अमर्याद पूर्णत्वापर्यंत, नेतात. यादी खोटी नाही, अपुरी आहे. आणि ती अपुरी आहे हे ज्याने यादी मिळविली त्यालाच कळते. ज्याला व्याकरणही येत नव्हते त्याला सनत्कुमारांकडे जाण्याची निकड भासली नसती. म्हणजे पहिल्या सदरातून दुसरे सदर उत्पन्न होते. पहिले सदर मनुष्य काय जाणतो ते सांगते. दुसरे, तो काय जाणत नाही आणि त्यावाचून त्याला चैन का पडत नाही ते सांगते. एखाद्या विषयाची आवड जाहीर करणे म्हणजे सभ्य भाषेत आपल्या अज्ञानाचा पत्ता देणे होय, हे पुष्कळ अध्यापकांच्या लक्षातही येत नसावे.

पदवीच्या कागदाचे स्वरूप किती व्यावहारिक आहे, याचे एक उदाहरण मिहानमधील व्यवस्थापन संस्था ज्या कुळातील आहे त्या कुळातच मिळते. देशातील भारतीय व्यवस्थापन संस्थांना 2017 चा कायदा होऊन तो 31 जानेवारी 2018 पासून अमलात येईपर्यंत पदवी देण्याची मुखत्यारीच नव्हती. त्या पदविका देत, आणि संशोधन पूर्ण करणाऱ्यास पीएच. डी. न देता ‘फेलो’ ही संज्ञा देत. या संस्थांत घडलेले जुने अध्यापक त्यामुळे आपल्या नावापुढे ‘फेलो’ लिहितात, नंतरचे पीएच. डी. लिहितात. परिश्रम तेच, परीक्षकांची कठोरता तीच, ग्रंथालयही तेच. संसदेने कलम बदलल्याबरोबर कागदावरील शब्द बदलला. यावरून कागद निरर्थक ठरतो असे नव्हे. अनोळखी माणसांच्या जगात कोणीतरी कोणाची तरी हमी घ्यावी लागते, आणि सनद ही अशी हमी आहे. मात्र ही हमी संस्थेने समाजाला दिलेली असते. विद्येशी तिचा संबंध जामीनदाराचा आहे, वारसाचा नव्हे.

हा जामीन मुळातच नाकारणारा एक मनुष्य याच रस्त्यावर पुढे राहत होता, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. मिहान ओलांडून वर्ध्याच्या दिशेने जाऊ लागले की वर्धा गाठण्यापूर्वी धाम नदीच्या काठी पवनार लागते. तेथे 1938 पासून विनोबांचा आश्रम होता. या विनोबांनी तरुणपणी बडोद्याच्या घरी आईच्या चुलीत आपली प्रमाणपत्रे जाळली, आणि 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसून ते वाटेत सुरतेला उतरले व काशीला गेले. पुढे त्यांनी किती भाषा आणि किती धर्मग्रंथ आत्मसात केले हे सर्वश्रुत आहे; आणि उत्तर आयुष्यात, 1968 साली, पदवीचा कागद जाळलेल्या याच माणसाने अध्यापकांचे ‘आचार्यकुल’ स्थापन करून त्यांनी सत्तेपासून व पक्षापासून स्वतंत्र राहावे असा आग्रह धरला. ज्याला अध्यापकाची सनद नको होती त्याला अध्यापकाची प्रतिष्ठा सर्वांहून अधिक हवी होती. तरीही विनोबांचे उदाहरण सर्वांना लावता येणार नाही, हे मला कबूल केले पाहिजे. चुलीत प्रमाणपत्रे घालणाऱ्या शंभरांपैकी नव्याण्णवांच्या हातून पुढे केवळ चूल पेटेल. शिवाय शस्त्रक्रियेच्या मेजावर पडलेल्या कोणाही शहाण्या माणसाला आपल्या शल्यविशारदाने कागद जाळलेला नसावा असेच वाटेल.

याहून अधिक शिकविणारे चरित्र मला धर्मानंद कोसंबी यांचे वाटते, आणि तेही याच रस्त्याच्या अखेरीस येऊन संपले. 1876 साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या माणसाचे शालेय शिक्षण जेमतेम मराठी शाळेतले. घरी नारळीची बागाईत, प्रकृती यथातथा, संसार पदरात पडलेला. बुद्धाचे एक लहानसे चरित्र वाचून त्यांच्या मनात जी जिज्ञासा उत्पन्न झाली, तिच्यासाठी 1899 च्या सुमारास त्यांनी घर सोडले. पुण्यात संस्कृत, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत, मग बुद्धाचा धर्म शोधीत नेपाळ व तेथील निराशा, मग सिंहलद्वीपात सुमंगल स्थविरांपाशी पाली, मग ब्रह्मदेश, असा हा प्रवास आहे. परिचयपत्रातील शिक्षणाचे सदर या माणसापुरते जवळजवळ कोरे राहिले असते, आणि आवडीच्या सदरात एकच शब्द पडला असता. तथापि याच एका शब्दाच्या बळावर कलकत्त्यास त्यांनी पाली शिकविली, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना वेतन बांधून दिले, 1910 मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले, आणि 1912 ते 1918 या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापक होते. हार्वर्डच्या ग्रंथमालेत विसुद्धिमग्गाची ती आवृत्ती 1950 साली निघाली, तेव्हा कोसंबी हयात नव्हते. 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे, देह आता कोणाच्या उपयोगाचा उरला नाही असे पाहून आरंभिलेल्या उपोषणात त्यांचा अंत झाला होता.

आजच्या नियमांनुसार कोसंबींचा अर्ज पहिल्या छाननीतच बाद झाला असता, असे म्हणणे सोपे आहे व पुष्कळ लोक ते म्हणतात. मला त्याहून वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. फर्ग्युसनमध्ये त्यांच्यापुढे बसलेल्या विद्यार्थ्यांना मिळाली ती केवळ पाली भाषा नव्हे. एका भाषेसाठी मनुष्य किती दूर चालत जाऊ शकतो, हे त्यांना समोर बसून पाहता आले. उपाधीने हे दाखविता येत नाही. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी गणिताचे अध्यापक झाले, फर्ग्युसनमध्येच गणित शिकवू लागले, आणि नाण्यांच्या वजनांवरून इतिहास वाचणे, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणे, या त्यांच्या कामांनी त्यांच्या पहिल्या सदराला केव्हाच मागे टाकले. पित्याला पदवी नव्हती, पुत्राला हार्वर्डची होती. आवडीच्या सदराने दोघांनाही सारखेच भटकविले.

खुद्द नागपुरातील उदाहरण द्यावयाचे तर महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचे द्यावे लागेल. मॉरिस महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक म्हणून रुजू झालेला हा कोकणचा मनुष्य काव्यनाटके शिकविता शिकविता विदर्भातील ताम्रपटांकडे वळला, आणि कलचुरी, वाकाटक व शिलाहार या राजवंशांच्या लेखांचे थोर संग्रह त्याने सिद्ध केले. मेघदूतातील रामगिरी म्हणजेच रामटेक, हे मत त्यांनी साधार मांडले. नागपूरच्या माणसाला ते आधीपासूनच ठाऊक होते, परंतु ठाऊक असणे आणि सिद्ध करणे यांतील अंतर मिराशींना कळत होते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल व तो रास्त आहे. दुसरे सदरही आता निर्मळ राहिलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 च्या नियमांत अध्यापकाच्या कामाला गुण देण्याची पद्धत घातली, शोधनिबंध मोजले जाऊ लागले, आणि जिज्ञासेचा हिशेब ठेवता येतो असे एकदा ठरले की हिशेबासाठी जिज्ञासा उत्पन्न करणारेही निघतात. ज्या विषयाला निधी मिळतो त्याची आवड अनेकांना एकाच वर्षी उत्पन्न होते, हा काही ईश्वरी योगायोग नव्हे. अर्थात हे दुखणेही नवे नाही. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचे श्रेष्ठत्वावरून भांडण लागते; कोणाची कला स्वतःपुरती उत्तम असते, कोणाला ती दुसऱ्यात संक्रमित करता येते, आणि दोन्ही ज्याला साधते तोच शिक्षकांत अग्रणी, असा विवेक तेथे केलेला आहे. केवळ उपजीविकेपुरती विद्या बाळगणाऱ्याला त्याच नाटकात ज्ञान विकणारा वाणी म्हटले आहे. ज्या संस्थेत वाणिज्यच शिकवावयाचे आहे तेथील अध्यापकाने या शिवीवर किती रागवावे, हा प्रश्न मी त्यांच्या विनोदबुद्धीवर सोपवितो.

मिहानच्या व्यवस्थापन संस्थेने आपले ब्रीद तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतून घेतले आहे: सत्य, आणि त्याच्या जोडीने स्वाध्याय व प्रवचन. ज्या अनुवाकातील हे वचन आहे त्याच्या शेवटी एक प्रकरण येते, त्याकडे ब्रीद निवडणाऱ्यांचे लक्ष गेले होते की नाही कोण जाणे. सर्वांत महत्त्वाचे काय, याविषयी तीन आचार्यांची मते तेथे नोंदलेली आहेत. सत्यवचा राथीतर म्हणतो, सत्य. तपोनित्य पौरुशिष्टि म्हणतो, तप. आणि नाक मौद्गल्य म्हणतो, स्वतः शिकणे आणि शिकविणे हेच, कारण तेच तप आहे. पहिल्या दोघांची नावे पाहिली म्हणजे हसू येते, कारण ज्याचे नावच सत्य बोलणारा त्याला सत्य श्रेष्ठ वाटते, आणि जो नित्य तप करणारा त्याला तप. प्रत्येक विभागप्रमुखाला आपला विभागच सर्व ज्ञानाचा पाया वाटतो, हा अनुभव म्हणजे केवळ आजच्या महाविद्यालयांचा शाप नसून त्यामागे निदान अडीच हजार वर्षांची परंपरा आहे. उपनिषदाने तिघांपैकी कोणालाही खोडून काढलेले नाही. मला नाक मौद्गल्य जवळचा वाटतो, कारण शिकणे आणि शिकविणे यांना त्याने एका श्वासात, एकाच तपाची दोन अंगे म्हणून उच्चारले. त्यांपैकी पहिले थांबले की दुसरेही थांबते, मग नेमणुकीचा हुकूम निवृत्तीपर्यंतचा का असेना.

आता मूळ प्रश्नाची दुसरी बाजू. अध्यापकाला अधिकार असला तरी ऐकणाऱ्याने त्याचे का मानावे? न्यायदर्शनाने आप्तवाक्याला प्रमाण मानले, आणि भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण केले ते असे, की ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी पाहिली तशी सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू आहे, असेही त्याने स्पष्ट म्हटले. कुळ, गाव, गुरुकुल यांपैकी काहीही त्याने लक्षणात घेतले नाही. दोनच गोष्टी मागितल्या: पाहिलेले असणे, आणि पाहिले तसे सांगण्याची इच्छा. याच्यासमोर अंगुत्तर निकायातील कालामांचा उपदेश ठेवावा. केसपुत्त गावच्या कालामांनी बुद्धाला सांगितले, की येथे येणारा प्रत्येक श्रमण आपलेच मत खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? बुद्धाने परंपरा, ग्रंथ, तर्क इत्यादींच्या जोडीने हा श्रमण आपला गुरू आहे हे कारणही अपुरे ठरविले, आणि स्वतः जाणून, कुशल व अकुशल ओळखून, मग स्वीकारा किंवा त्यागा असे सांगितले. नैयायिक म्हणतो योग्य माणसाचे ऐका. बुद्ध म्हणतो माणूस योग्य आहे म्हणूनही ऐकू नका.

हा वाद नागपूरकरांना पुस्तकी वाटू नये, कारण बुद्धाचा हा मार्ग 14 ऑक्टोबर 1956 रोजी याच शहरात लक्षावधी लोकांसह स्वीकारणारे बाबासाहेब आंबेडकर स्वतः अध्यापक होते. 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते राजकीय अर्थशास्त्र शिकवू लागले. 1935 मध्ये सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. कोलंबिया, लंडन, ग्रेज इन ही त्यांची पहिली यादी नारदाच्या यादीशी स्पर्धा करील अशी आहे, आणि या देशात त्यांच्याइतकी पदव्यांची खरी किंमत मोजून कोणी दिली नसेल. कारण ज्याला शाळेत वेगळे बसविले जात होते त्याला सनदेची हमी इतरांहून शतपट हवी होती, ती चुलीत घालण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती. विनोबांच्या उदाहरणाची मर्यादा मला येथे अधिक स्पष्ट दिसते. आणि तरीही आंबेडकरांच्या आयुष्याच्या अखेरचा ग्रंथ रुपयाविषयी नाही, कायद्याविषयी नाही. तो बुद्ध आणि त्याच्या धम्माविषयी आहे, आणि 1957 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झाला.

नैयायिकाचा आणि बुद्धाचा हा विरोध मिहानमध्ये रोज सकाळी एका खाटेपाशी उभा राहतो. गोंदिया-गडचिरोलीहून किंवा छिंदवाडा-बालाघाटकडून आलेला रोगी आयुर्विज्ञान संस्थेच्या कक्षात निजलेला आहे. त्याला डॉक्टरांच्या पदव्या वाचता येत नाहीत, वाचता आल्या तरी तोलता येत नाहीत, आणि त्याने विश्वास ठेवल्यावाचून उपचाराला आरंभही होणार नाही. खाटेच्या दुसऱ्या अंगाला विद्यार्थी उभे आहेत. त्यांनी अध्यापकाच्या प्रत्येक निदानावर संशय घेतला पाहिजे, हे लक्षण दुसऱ्या कोणत्या रोगातही दिसते की नाही असे विचारले पाहिजे, नाही तर ते पुढे वैद्य न होता नकलाकार होतील. व्यवस्थापनाच्या वर्गात ही अडचण नाही. तेथे ऐकणारे सगळेच विद्यार्थी असतात आणि वाद घालणे हाच पाठ असतो. वैद्यकाच्या अध्यापकाला मात्र एका जागी उभे राहून एकाकडून श्रद्धा आणि दुसऱ्याकडून संशय एकाच वेळी मागावा लागतो. पहिल्यासाठी त्याची सनद पुरेशी आहे. दुसऱ्यासाठी त्याला विद्यार्थ्यांकडे वळून, रोग्याला धास्ती वाटणार नाही अशा स्वरात, या ज्वराचे कारण मला अजून कळलेले नाही असे म्हणावे लागते, आणि मग रोग्याकडे वळून, वऱ्हाडीत नाही तर हिंदीत, काळजी करू नका, आम्ही शोधतो आहोत असे सांगावे लागते; आणि ही दोन्ही वाक्ये खरी असावी लागतात.